ब्लूटूथ सीरियल जोडलेलं दिसतं, पण डेटा येत नाही किंवा मध्येच तुटतो: दोष कसा शोधावा

पेअरिंग झालेलं आहे, कॉम पोर्ट (संगणकाचा सीरियल पोर्ट) दिसतो आहे, मॉड्यूलवरचा दिवा लुकलुकतो आहे आणि टर्मिनलमध्ये मात्र काहीच उमटत नाही. किंवा उमटतं ते वाचता न येणारी चिन्हं. किंवा सुरुवातीला सगळं सुरळीत आणि थोड्या वेळाने एकदम शांत. एचसी-०५ किंवा एचसी-०६ हे ब्लूटूथ मॉड्यूल लावून मायक्रोकंट्रोलरचा डेटा संगणकावर आणायला बसलेल्या माणसाला यातली एक तरी तक्रार भेटतेच. मग बहुतेक जण आधी कोड उघडतात, लायब्ररी बदलतात, बॉड रेट (सीरियल डेटाचा वेग) बदलतात, पुन्हा पेअरिंग करतात, आणि हे सगळं एकाच दमात. त्यातून कधी कधी गाडी सुरू होतेही, पण कशामुळे सुरू झाली ते कळत नाही. म्हणून चार दिवसांनी तोच दोष परत येतो. माझं आग्रहाचं सांगणं आहे की कोडला सगळ्यात शेवटी हात लावा आणि आधी दोष कोणत्या अर्ध्यात आहे ते ठरवा.

अर्ध्यात म्हणजे काय, तर ही एक जोडणी नाहीच, दोन आहेत. मायक्रोकंट्रोलरपासून ब्लूटूथ मॉड्यूलपर्यंत तारांची जोडणी, म्हणजे यूएआरटी (चिपमधली सीरियल डेटा पाठवण्या-घेण्याची सोय). मॉड्यूलपासून संगणकापर्यंत रेडिओची. बॉड रेट ही गोष्ट फक्त तारांच्या अर्ध्यात खरी असते. संगणकावरचा ब्लूटूथ कॉम पोर्ट आभासी असतो. टर्मिनलमध्ये तिथे ९६०० निवडा की ११५२००, रेडिओवरून जाणाऱ्या डेटाला त्याने फरक पडत नाही. हे लक्षात न आल्यामुळे लोक संगणकाच्या बाजूला आकडे बदलत बसतात आणि खरी गडबड मॉड्यूल व मायक्रोकंट्रोलर यांच्यामधल्या दोन तारांत तशीच राहते.

पहिली चाचणी: मॉड्यूलचं तोंड त्याच्याच कानाशी

मॉड्यूलच्या टीएक्स (पाठवण्याची) आणि आरएक्स (घेण्याची) या दोन्ही तारा मायक्रोकंट्रोलरपासून काढा. फक्त वीज आणि ग्राउंड राहू द्या. आता मॉड्यूलचाच टीएक्स त्याच्याच आरएक्सला एका छोट्या तारेने जोडा. दोन्ही पिना ३.३ व्होल्टच्या असल्यामुळे यात काही धोका नाही. संगणकावर टर्मिनल उघडा, लोकल एको (टाइप केलेलं टर्मिनलने स्वतःच दाखवणं) बंद असल्याची खात्री करा आणि काहीतरी टाइप करा.

टाइप केलेलं अक्षर परत आलं, तर संगणक, त्याचा ब्लूटूथ, पेअरिंग, कॉम पोर्ट आणि मॉड्यूलचा रेडिओ हे सगळं एका झटक्यात निर्दोष ठरलं. उरला फक्त तारांचा अर्धा. अक्षर परत आलं नाही, तर मायक्रोकंट्रोलरकडे बघायचंही कारण नाही, कारण तो या चाचणीत नाहीच.

दुसऱ्या अर्ध्याची चाचणीही अशीच. मॉड्यूल बाजूला ठेवा आणि मायक्रोकंट्रोलरच्या त्याच दोन पिनांना यूएसबी ते सीरियल ॲडॅप्टर लावा. ॲडॅप्टर बोर्डाच्याच व्होल्टेजचा हवा. बॉड रेट तोच ठेवा. इथे बॉड रेटला खरा अर्थ आहे, त्यामुळे कोडमध्ये लिहिलेला आकडा आणि टर्मिनलमधला आकडा जुळला पाहिजे. इथे डेटा स्वच्छ दिसला, तर कोड आणि पिना बरोबर आहेत.

या दोन चाचण्यांना फार वेळ लागत नाही. पुढचं सगळं वाचण्याआधी त्या करून घ्या, कारण त्यांच्या उत्तरावर कोणता भाग वाचायचा ते ठरतं.

अक्षर परतच आलं नाही: रेडिओचा अर्धा

सर्वांत मोठा गैरसमज म्हणजे पेअरिंग झालं की जोडणी झाली. पेअरिंग ही फक्त ओळख. जोडणी तेव्हाच होते जेव्हा एखादा प्रोग्रॅम तो कॉम पोर्ट उघडतो, आणि पोर्ट बंद झाला की ती संपते. एचसी-०५चा दिवा हे स्पष्ट सांगतो. पटापट लुकलुकणं म्हणजे मॉड्यूल वाट बघतं आहे, मग पेअरिंग झालेलं असो वा नसो. थोडं थांबून दोनदा लुकलुकणं म्हणजे जोडणी झाली. अगदी सावकाश, साधारण दोन सेकंदांच्या तालात उघडझाप होत असेल तर मॉड्यूल एटी मोडमध्ये (सेटिंगच्या आज्ञा घेण्याच्या स्थितीत) अडकलं आहे आणि तुमचा डेटा ते आज्ञा समजून वाचतं आहे. असं झालं तर बटण न दाबता वीज काढून पुन्हा द्या, आणि की किंवा ईएन नावाची पिन चुकून वर ओढली गेलेली नाही ना तेही बघा.

विंडोजमध्ये पेअरिंगनंतर बऱ्याचदा दोन कॉम पोर्ट दिसतात, एक इनकमिंग आणि एक आउटगोइंग. आपल्याला आउटगोइंग हवा, कारण जोडणीची सुरुवात संगणक करणार आहे. इनकमिंग पोर्ट उघडला तर तो निमूटपणे उघडतो, चूक दाखवत नाही आणि कायम रिकामा राहतो. या शांतपणामुळेच तो माणसाला फार चकवतो. ब्लूटूथच्या जादा सेटिंग्जमध्ये कॉम पोर्ट्स नावाचा टॅब आहे, तिथे कोणता आउटगोइंग ते लिहिलेलं असतं. पोर्ट उघडायला काही सेकंद लागले तर घाबरू नका, त्या वेळात खरी रेडिओ जोडणी होत असते. आणि सेमाफोर टाइमआउट अशी चूक आली, तर संगणकाला मॉड्यूल सापडलंच नाही: ते बंद आहे, लांब आहे किंवा दुसऱ्या फोनने वा संगणकाने आधीच पकडून ठेवलं आहे. एचसी-०५ एका वेळी एकाशीच बोलतं. काल चाचणीसाठी वापरलेला फोन आज बाजूला पडून आपोआप जोडला गेलेला असतो आणि इकडे संगणकावर तासन्‌तास शोध चाललेला असतो, हे नेहमीचं आहे.

प्रवेश नाकारला अशी चूक आली तर पोर्ट दुसऱ्या प्रोग्रॅमकडे आहे. बहुधा मागे उघडा राहिलेला सीरियल मॉनिटर. पोर्टचा क्रमांक १० किंवा त्याहून मोठा असेल आणि फक्त एखादा जुना प्रोग्रॅमच अडखळत असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमधून क्रमांक बदलून ९ किंवा त्याच्या आत आणा.

लिनक्सवर आरएफकॉम या आज्ञेने पोर्ट बांधून घ्यावा लागतो आणि बऱ्याच वितरणांत तुमचं खातं डायलआउट गटात असावं लागतं, नाहीतर परवानगी नाकारली जाते. मॅकवर एकाच उपकरणाच्या दोन नोंदी दिसतात, टीटीवायने सुरू होणारी आणि सीयूने सुरू होणारी. सीयूची घ्या.

आणि एक गोष्ट विकत घेण्याआधीच बघायची. सीरियल पोर्ट प्रोफाइल ही क्लासिक ब्लूटूथची सोय आहे. एचएम-१०सारखी मॉड्यूल्स बीएलईची, म्हणजे कमी विजेच्या वेगळ्या ब्लूटूथची आहेत. दिसायला एचसी-०५सारखीच, पिनाही तशाच, पण संगणकावर त्यांचा कॉम पोर्ट कधीच तयार होणार नाही. ईएसपी३२ या वायफायवाल्या मायक्रोकंट्रोलर चिपांचंही तेच. मूळ ईएसपी३२मध्ये क्लासिक ब्लूटूथ आहे, एस३ आणि सी३मध्ये फक्त बीएलई आहे आणि एस२मध्ये ब्लूटूथच नाही. मूळ चिपसाठी लिहिलेला ब्लूटूथ सीरियलचा कोड या नव्या चिपवर चालत नाही, आणि त्यात कोड लिहिणाऱ्याची काही चूक नसते.

अक्षर परत आलं, पण मायक्रोकंट्रोलरचा डेटा कचरा दिसतो

मग बॉड रेट जुळत नाही, एवढं जवळजवळ नक्की. एचसी-०५ डेटासाठी बहुधा ९६००वर येतं, पण ३८४००वर ठेवलेली मॉड्यूल्सही मिळतात. अंदाज लावण्यापेक्षा मॉड्यूललाच विचारा. बटण दाबून ठेवून वीज द्या, दिवा सावकाश लुकलुकायला लागला की ३८४००वर एटी आज्ञा चालतात. प्रत्येक आज्ञेच्या शेवटी कॅरेज रिटर्न आणि लाइन फीड दोन्ही जायला हवेत. नुसत्या एटीला ओके असं उत्तर आलं की ‘एटी+यूएआरटी?’ विचारा. उत्तरात तीन आकडे येतात: बॉड रेट, स्टॉप बिट आणि पॅरिटी. एचसी-०६ची रीत वेगळी आहे. जोडणी नसेल तेव्हा ते कायम आज्ञा ऐकत असतं, तेही डेटाच्याच बॉड रेटवर, आणि त्याच्या मूळ फर्मवेअरला आज्ञेच्या शेवटी काहीच नको असतं. एकाची कृती दुसऱ्यावर करून उत्तर येत नाही म्हणून मॉड्यूल मेलं असं समजू नका.

दोन्हीकडे आकडा सारखा असूनही अधूनमधून एखादं अक्षर बिघडतं, हा प्रकार जास्त त्रासदायक आहे. इथे घड्याळाचा हिशोब करावा लागतो. १६ मेगाहर्ट्झच्या एटीमेगा३२८पी चिपवर ११५२०० मागितलं तर विभाजक (घड्याळाला भागणारा आकडा) पूर्णांकच असावा लागत असल्यामुळे, दुप्पट वेगाच्या मोडमध्ये प्रत्यक्षात सुमारे ११७६४७ मिळतं. म्हणजे २.१ टक्के जास्त. साध्या मोडमध्ये सुमारे ११११११ मिळतं, म्हणजे तिथे चूक उणे ३.५ टक्के असते. सीरियलच्या एका फ्रेममध्ये स्टार्ट आणि स्टॉप धरून १० बिट असतात आणि घेणारा फक्त स्टार्ट बिटच्या कडेवर आपलं घड्याळ जुळवतो, त्यामुळे चूक बिटागणिक साचत जाते. दोन्ही टोकांची चूक मिळून पाच टक्क्यांच्या आसपास गेली की शेवटचे बिट चुकीच्या जागी वाचले जातात. ९६०० आणि ३८४०० या वेगांना याच चिपवर चूक फक्त ०.२ टक्के आहे. म्हणून गरज नसताना ११५२००च्या मागे लागू नका. सेन्सरच्या डेटाला ३८४०० पुष्कळ होतं.

बाहेरचा क्रिस्टल न लावता चिपच्या आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या आरसी घड्याळावर काम चालवलं असेल तर संशय आधी तिथेच घ्या. या घड्याळाची कारखान्यातली अचूकता अधिक-उणे १० टक्क्यांपर्यंतचीच आहे, आणि ते तापमानाने आणि व्होल्टेजने सरकतं. सकाळी चालतं आणि दुपारी बिघडतं, याचं कारण कधी कधी एवढंच असतं.

हे डोळ्यांनी बघता येतं. मायक्रोकंट्रोलरला सतत इंग्रजी कॅपिटल यू पाठवायला लावा. त्याचे बिट एकाआड एक शून्य आणि एक असे आहेत, त्यामुळे स्टार्ट-स्टॉप धरून तारेवर एकसारखी चौकोनी लहर दिसते. लॉजिक ॲनालायझर किंवा ऑसिलोस्कोपवर एका बिटाची रुंदी मोजा. ९६००ला ती १०४ मायक्रोसेकंद हवी. ९८ किंवा ११० दिसली तर घड्याळ सापडलं.

एकाच दिशेने जातं

मायक्रोकंट्रोलरचा टीएक्स मॉड्यूलच्या आरएक्सला आणि त्याचा आरएक्स मॉड्यूलच्या टीएक्सला. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी पुन्हा बघा. दोन वेगळे वीजपुरवठे असतील तर ग्राउंड एकमेकांना जोडलेलं हवंच.

त्यानंतर व्होल्टेज. एचसी-०५चा बोर्ड वीज म्हणून ५ व्होल्ट घेतो, कारण त्यावर रेग्युलेटर आहे, पण त्याची आरएक्स पिन ३.३ व्होल्टचीच आहे. ५ व्होल्टच्या बोर्डाचा टीएक्स थेट लावला तर बऱ्याचदा चालून जातं, आणि म्हणूनच लोक तसं ठेवतात. पिनेवर ताण मात्र येत राहतो. दोन रेझिस्टर पुरतात: टीएक्सपासून आरएक्सपर्यंत १ किलोओहम आणि आरएक्सपासून ग्राउंडला २ किलोओहम, म्हणजे पिनेवर ३.३३ व्होल्ट. उलट दिशेला काही लागत नाही. मॉड्यूलचे ३.३ व्होल्ट ५ व्होल्टवरची एटीमेगा ‘एक’ म्हणून वाचते, कारण तिची सीमा ३ व्होल्टची आहे. पण यातलं अंतर फक्त ०.३ व्होल्टचं आहे. लांब तार, सैल जंपर आणि शेजारी मोटर असं जुळून आलं की ते संपतं, आणि मग संगणकाकडून येणाऱ्या आज्ञाच तेवढ्या हुकतात.

अर्दुइनो उनोवर ० आणि १ या पिना यूएसबीच्या सीरियलशी सामायिक आहेत. मॉड्यूल तिथे लावलं की प्रोग्रॅम चढवताना नॉट इन सिंक अशी चूक येते. चढवताना तारा काढा, किंवा सॉफ्टवेअर सीरियलने दुसऱ्या पिना घ्या. पण सॉफ्टवेअर सीरियलच्या मर्यादा मान्य करा. अक्षर पाठवत असताना ते येणारं अक्षर नीट घेऊ शकत नाही, अनेक असतील तर एका वेळी एकच ऐकतं, आणि ११५२००वर त्याच्यावर भरवसा ठेवण्यात अर्थ नाही. दोन्हीकडून एकदम डेटा वाहणार असेल तर एकाहून जास्त हार्डवेअर सीरियल असलेला बोर्ड घ्या. यावर मी तडजोड सुचवणार नाही.

यूएसबी केबलने चालतं, ब्लूटूथने नाही

संगणकाने यूएसबीचा पोर्ट उघडला की डीटीआर या नियंत्रण ओळीच्या इशाऱ्याने उनो रीसेट होतो, सेटअप पुन्हा चालतो आणि ‘तयार’ अशी पहिली ओळ येते. संगणकावरचा प्रोग्रॅम त्या ओळीची वाट बघून पुढे जातो. ब्लूटूथवर हा रीसेट होत नाही. बोर्ड केव्हाच सुरू झालेला असतो, ‘तयार’ची ओळ कोणी ऐकायला नसताना निघून गेलेली असते, आणि संगणक तिची वाट बघत कायम थांबतो. पायथॉनच्या पायसीरियल या लायब्ररीत टाइमआउट दिला नाही तर वाचन अनंत काळ थांबतं, म्हणजे प्रोग्रॅम गोठल्यासारखा दिसतो. उपाय सोपा आहे: संगणकाने आधी एक अक्षर पाठवून विचारायचं, बोर्डाने उत्तर द्यायचं, आणि प्रत्येक वाचनाला टाइमआउट द्यायचा.

दुसरा फरक तुकड्यांचा. रेडिओवर डेटा पाकिटांतून जातो. तुम्ही पाठवलेली एक ओळ संगणकावर दोन तुकड्यांत येऊ शकते, किंवा तीन ओळी एकदम. एकदा वाचलं म्हणजे एक संदेश मिळाला असं गृहीत धरलेला कोड यूएसबीवर नशिबाने चालतो आणि इथे फसतो. आलेलं सगळं बफरमध्ये साठवा आणि ओळीचं शेवटचं चिन्ह सापडलं की तेवढाच भाग तोडून घ्या.

चालता चालता तुटतं

वारंवार परत येणारा दोष हाच, आणि याची कारणं कोडबाहेर जास्त असतात.

वीज आधी बघा. रेडिओ प्रसारण करतो त्या क्षणी प्रवाह उसळतो. एचसी-०५चं भागतं, पण वायफाय असलेल्या ईएसपी चिपना क्षणभर काही शे मिलिअँपिअर लागतात. उनोच्या ३.३ व्होल्टच्या पिनेची क्षमता ५० मिलिअँपिअर आहे, तिच्यावर ईएसपी चालवणं म्हणजे रीसेटला आमंत्रण. ईएसपी३२ तर ब्राउनआउट (व्होल्टेज खाली पडणं) झाल्याचं सीरियलवर स्वतःच लिहून दाखवतं. मॉड्यूलच्या अगदी जवळ १०० नॅनोफॅरड आणि त्याच्यासोबत १०० ते ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. मोटर, रिले, सर्वो असेल तर त्यांना वेगळा पुरवठा द्या, ग्राउंड मात्र सामायिक.

मग बफर. ९६०० बॉडला सेकंदाला ९६० बाइट येतात आणि उनोचा घेण्याचा बफर ६४ बाइटचा आहे. म्हणजे तो सुमारे ६७ मिलिसेकंदांत भरतो. कोडमध्ये कुठे १०० मिलिसेकंदांचा डिले असेल तर तेवढ्यात आलेल्या लांब आज्ञेचा शेवट हरवणारच. पाठवण्याच्या बाजूला २० बाइटची ओळ सेकंदाला ५० वेळा म्हणजे १००० बाइट होतात. ते ९६०मध्ये बसत नाहीत, कोड प्रिंटपाशी अडकायला लागतो आणि लोकांना वाटतं रेडिओ संथ आहे.

रेडिओचा दोषही असतो. इंटेलने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या श्वेतपत्रिकेत यूएसबी ३.०च्या गोंगाटाचा २.४ गिगाहर्ट्झच्या बिनतारी उपकरणांवर होणारा परिणाम मोजून दाखवला आहे. ब्लूटूथ डाँगल यूएसबी ३च्या हार्ड डिस्कशेजारी खोचलेला असेल तर त्याला छोट्या एक्स्टेंशन केबलने लांब न्या. मॉड्यूलच्या टोकाची नागमोडी पट्टी हा त्याचा अँटेना आहे. तिच्याखाली तांबं, शेजारी बॅटरी किंवा भोवती धातूची पेटी नको.

आणि एकदा जोडणी तुटली की संगणकावरचा उघडा पोर्ट आपोआप शुद्धीवर येईलच असं धरू नका. प्रोग्रॅमने तो बंद करून पुन्हा उघडला पाहिजे. बोर्डाला जोडणीची खबर हवी असेल तर एचसी-०५ची स्टेट पिन वाचा, ती जोडणी असताना वर राहते.

एवढं करूनही कारण सापडत नसेल तर बोर्डाकडून दर सेकंदाला फक्त एक वाढत जाणारी संख्या पाठवा आणि संगणकावर प्रत्येक ओळीपुढे वेळ लिहून फाइलमध्ये साठवा. रात्रभर चालू द्या. सकाळी फाइलमध्ये संख्या पुन्हा शून्यापासून सुरू झालेली दिसली तर बोर्ड रीसेट झाला, म्हणजे वीज. मधल्या संख्या गायब असून पुढची मोजणी चालू राहिली असेल तर त्या वेळात जोडणी तुटली होती, म्हणजे रेडिओ. सगळ्या संख्या आहेत पण दहा-बारा ओळींवर एकच वेळ आहे, तर डेटा हरवलेला नाही, तो वाटेत थांबून एकदम आला. संगणकाची वीजबचत आणि वाचणाऱ्या प्रोग्रॅमचा वेग तपासा. आणि फाइल एका क्षणी थांबून पुढे काहीच नसेल, पण मॉड्यूलचा दिवा पटापट लुकलुकत असेल, तर पोर्ट पुन्हा उघडण्याचा कोड अजून लिहायचा राहिला आहे.